जाळीतून उतरलेला सिनेमा : हाताने छापलेल्या पोस्टरांची पारख आणि जपणूक

चित्रपटाचे पोस्टर हा मुळात आठवड्या-दोन आठवड्यांच्या आयुष्याचा कागद असतो. खेळ बदलला की त्यावर खळ फासून दुसरे पोस्टर चढते, आणि खालचे कायमचे झाकले जाते. आज जी जुनी पोस्टरे हाती लागतात ती बहुतेक न वापरता राहिलेली, वितरकाच्या गोदामात घड्या घालून पडलेली किंवा रद्दीच्या गठ्ठ्यातून वाचलेली असतात. अशा कागदाला कलावस्तू मानून तो जमवू पाहणाऱ्याने खरेदीपूर्वी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते, ती म्हणजे आपल्याला त्या चित्रपटाची आठवण जमवायची आहे, लाडक्या नटाचा चेहरा जमवायचा आहे, की छपाईत उतरलेले हाताचे काम जमवायचे आहे. पहिल्या दोन हेतूंसाठी चांगली प्रतिकृतीही पुरते. तिसऱ्यासाठी मात्र त्या पोस्टरात हात नेमका कोणत्या टप्प्यावर लागला आहे हे ओळखता आले पाहिजे, आणि पुढील विवेचन या तिसऱ्या संग्राहकासाठी आहे.

सिल्कस्क्रीन म्हणजे जाळीची छपाई. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ताणून बसवलेल्या बारीक जाळीतून रबरी पट्टीने शाई खालच्या कागदावर दाबली जाते, आणि जेथे शाई नको तेथे जाळीची छिद्रे बुजवलेली असतात. पत्र्याच्या छापातून रांगोळी पाडण्याचीच ही रीत, फक्त भुकटीच्या जागी शाई आणि पत्र्याच्या जागी विणलेली जाळी. पूर्वी ही जाळी रेशमाची असे, म्हणून ते नाव पडले. आता ती पॉलिएस्टरची असते. छिद्रे बुजवण्यासाठी कागदाचा किंवा फिल्मचा कापलेला साचा लावतात, अथवा जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारे द्रावण पसरून त्यावर चित्राची पारदर्शक फिल्म ठेवतात आणि प्रकाश देतात, म्हणजे चित्राचा भाग पाण्याने धुऊन निघतो व बाकीचा भाग बंद राहतो. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते आणि प्रत्येक रंग सुकल्यावरच पुढचा चढतो, त्यामुळे सहा रंगांच्या पोस्टराचा प्रत्येक कागद कारागिराच्या हाताखालून सहा वेळा जातो.

चित्रपटाच्या पोस्टरासाठी ही पद्धत सर्वांत सातत्याने वापरली गेली ती क्यूबात. तेथील क्रांतीनंतर १९५९ साली स्थापन झालेल्या सरकारी चित्रपटसंस्थेने देशात लागणाऱ्या देशी-विदेशी चित्रपटांची पोस्टरे स्वतःच्या चित्रकारांकडून नव्याने काढून घेतली आणि सुमारे ५१ बाय ७६ सेंटिमीटर या ठरीव आकारात ती जाळीवर छापली. ‘हाराकिरी’ या जपानी चित्रपटाचे आंतोनियो फेर्नांदेस रेबोइरो यांचे १९६४ चे पोस्टर, किंवा एदुआर्दो मुन्योस बाच्स यांची खेळकर रेखाटने पाहिली, की तुटपुंजी साधने आणि मोजके रंग ही अडचण न राहता शैली कशी झाली ते दिसते. अमेरिकेत मात्र हा प्रकार एकविसाव्या शतकात संग्राहकांसाठीच वाढला. टेक्सासमधील ऑस्टिन येथे एका चित्रपटगृहसाखळीच्या आश्रयाने सुरू झालेल्या ‘मोंडो’ने जुन्या-नव्या चित्रपटांची मर्यादित प्रतींची पोस्टरे काढली, आणि ती भिंतीवर डकवण्यासाठी नसून चौकटीत बसवण्यासाठीच छापलेली होती.

महाराष्ट्राची परंपरा वेगळी आहे, आणि येथील संग्राहकाने ती नीट समजून घेतली नाही तर त्याची फसगत ठरलेली आहे. येथे हाताचे काम शिळाछपाईत, म्हणजे लिथोत उतरले. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर चित्र स्निग्ध खडूने व शाईने काढायचे, दगड ओला करायचा आणि मग तेलकट शाई फिरवायची, म्हणजे ती ओल्या भागाला न चिकटता चित्रालाच चिकटते, हे या पद्धतीचे तत्त्व. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापखान्याशी काही काळ संबंध आलेले दादासाहेब फाळके पुढे भारतीय चित्रपटाचे आद्य निर्माते झाले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतःच रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे त्यांचे पोस्टर भारतात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-पोस्टरांपैकी मानले जाते. दामले, फत्तेलाल आणि व्ही. शांताराम हे त्यांच्याच हाताखाली घडले, आणि १९२९ साली कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ साली पुण्याला गेलेल्या ‘प्रभात’च्या प्रसिद्धिचित्रांमध्ये दिसणारी कमान, खांब व वस्त्रांच्या चुण्या यांची जाण त्याच पडद्यांच्या कामातून आलेली आहे.

पुढील पिढीत कोल्हापूरचेच जी. कांबळे आणि गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित ही नावे येतात. तैलरंगातील त्वचेची झळाळी आणि नायिकेच्या चेहऱ्यावरचा तिरपा उजेड या गोष्टी त्यांनी मुंबईच्या पोस्टरांत रुजवल्या. सत्तरच्या दशकात ऑफसेट, म्हणजे छायाचित्रावरून पत्रा तयार करून रबरी रुळामार्फत केलेली यांत्रिक छपाई, स्थिरावली. तरी मूळ चित्र हातानेच होत राहिले. दिवाकर करकरे यांनी ‘दीवार’सारख्या चित्रपटांसाठी रंगसुरीने दिलेले जाड, तुटक फटकारे हे त्याचे ठळक उदाहरण. येथे एक भेद लक्षात ठेवावा. शिळाछपाईत मूळ चित्रावरून दगडावर किंवा पत्र्यावर पुन्हा चित्र उतरवणारा कारागीर असतो, म्हणजे छापातही हात असतो. ऑफसेटमध्ये हात मूळ चित्रापाशी थांबतो आणि पुढचे सारे यंत्र करते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २००२ साली हिंदी चित्रपटाच्या प्रसिद्धिकलेचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हापासून या दोन्ही प्रकारांना मागणी आली. पण मागणीबरोबर नकलाही आल्या.

म्हणून चाळीस-पन्नासच्या दशकातील लोकप्रिय हिंदी किंवा मराठी चित्रपटाचे ‘अस्सल सिल्कस्क्रीन पोस्टर’ म्हणून कोणी काही दाखवले, तर संग्राहकाने तेथेच सावध व्हावे. त्या काळातील मुख्य प्रवाहाची पोस्टरे लिथोत आणि नंतर ऑफसेटमध्ये छापली गेली. जाळीची छपाई असलेले बहुतेक काम नव्या चित्रकाराने केलेले मर्यादित प्रतींचे पुनर्कल्पन असते, आणि ते तसे सांगून विकले जात असेल तर त्यात काहीच वावगे नाही.

पारख करण्याचे साधन स्वस्त आहे : दहापट मोठे दाखवणारे भिंग. त्यातून लिथोचा छाप पाहिला असता दगडाच्या रव्यामुळे पडलेले अनियमित, खडूसारखे कण दिसतात, आणि छटा दाखवण्यासाठी कारागिराने हाताने दिलेले ठिपकेही कोठे दाट, कोठे विरळ असतात. ऑफसेटमध्ये निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित, फुलासारखी रचना सगळीकडे सारखी दिसते. जाळीच्या छपाईत शाई कागदात न मुरता वर बसलेली असते. कागद तिरपा धरला तर तिची जाडी जाणवते, रंग सपाट व भरीव दिसतो, दोन रंग एकमेकांवर आले असतील तेथे कडेची पायरी दिसते, आणि फार बारकाईने पाहिले तर रेषेच्या काठावर जाळीच्या विणीचे दातरे आढळतात. यांपैकी काहीही न दिसता अगदी सूक्ष्म तुषार उडाल्यासारखा रंग दिसला, तर तो संगणकाच्या प्रिंटरमधून निघालेला कागद आहे, मग त्याच्या कडा कितीही पिवळ्या केलेल्या असोत.

काळ ठरवण्यासाठी चित्रापेक्षा तळाची बारीक अक्षरे अधिक बोलतात. छापखान्याचे नाव व पत्ता बहुधा खालच्या समासात असतो. सहा आकडी पिन कोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यापूर्वी मुंबईच्या पत्त्यात शहराच्या नावापुढे विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक असे. त्यामुळे १९५५ च्या म्हणून सांगितलेल्या पोस्टरावर सहा आकडी पिन असेल तर ते एक तर पुनःप्रदर्शनाच्या वेळचे आहे किंवा बनावट आहे, आणि या दोन शक्यतांच्या किमतीत मोठे अंतर असते. इंग्रजी पत्त्यात शहराचे नवे नाव असेल तर कागद १९९५ नंतरचा समजावा. ही कसोटी देवनागरी मजकुराला मात्र लागू पडत नाही, कारण मराठीत ते नाव पूर्वीपासूनच मुंबई आहे. आकारही तपासावा. भारतातील नेहमीचे पोस्टर ३० बाय ४० इंचांचे, आणि भिंतीवरची मोठी पोस्टरे अनेक ताव जोडून केलेली असत. तेव्हा नेहमीचेच पोस्टर म्हणून सांगितलेला कागद या मापाहून बराच लहान असेल आणि चारी बाजूंचा समास ताजा कापलेला असेल, तर शंका घ्यावी.

नवी मुंबईतील रोडपालीत राहणाऱ्या संग्राहकाला भूगोलाने एक सोय आपसूक दिलेली आहे. पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीपासून सुरू होतो, आणि मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकातून हार्बरची गाडी मुंबईत नेते. खरेदीपूर्वी अस्सल कागद डोळ्यांखालून घालण्यासाठी मुंबईत पेडर रोडवरील गुलशन महाल व त्याशेजारच्या नव्या इमारतीत २०१९ साली खुले झालेले राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय पाहावे. पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावरील, १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे पोस्टरांचा मोठा साठा आहे, आणि अभ्यासासाठी तेथे आधी पत्रव्यवहार करून जावे. खरेदीसाठी मुंबईचा चोर बाजार, त्यातही मटण स्ट्रीटवरील जुन्या वस्तूंची दुकाने, हे प्रसिद्ध ठिकाण. पण तेथे अस्सल आणि नव्याने छापलेले एकाच ढिगात असते, म्हणून भिंग खिशात नसताना तेथे फक्त पाहण्यासाठी जावे.

कागदाची अवस्था पाहताना घड्यांना घाबरू नये. जुनी पोस्टरे घडी घालूनच पाठवली जात, त्यामुळे घडी हा अस्सलपणाशी सुसंगत दोष आहे. घडीच्या छेदावर पडलेले भोक, मागच्या बाजूला लावलेली चिकटपट्टी आणि पाण्याचा तपकिरी काठ हे गंभीर दोष होत. काही पोस्टरांवर चित्रपटगृहाचे नाव व खेळाच्या वेळा छापलेली कागदी पट्टी वरून चिकटवलेली असते, आणि विक्रेता ती काढून ‘स्वच्छ’ प्रत देऊ करतो. ती काढू देऊ नये. एखाद्या तालुक्याच्या गावात कोणता चित्रपट कोणत्या आठवड्यात लागला याचा तेवढाच पुरावा उरलेला असण्याची शक्यता असते, आणि बाजारात त्या पट्टीमुळे किंमत उतरली तर ती संग्राहकाच्या पथ्यावरच पडते.

जुने जमवण्याइतकेच नवे छापून घेणेही संग्राहकाच्या आवाक्यातील आहे, आणि हाताच्या कामाची खरी समज त्यातूनच येते. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, टी-शर्ट यांवर जाळीची छपाई करणारे कारागीर शहरगावांत अजूनही आहेत. फ्लेक्सने त्यांचे फलकांचे काम नेले असले तरी कौशल्य गेलेले नाही. अशा कारागिराकडे चित्रकाराने रंग वेगळे करून दिलेले चित्र न्यावे, सुरुवातीला तीन-चार रंगांच्या पुढे जाऊ नये, आणि कागदावरील बारीक कामासाठी सेंटिमीटरमागे सुमारे ९० ते १२० धागे असलेली जाळी मागावी, कारण टी-शर्टसाठी वापरतात ती विरळ जाळी कागदावर शाईचा फार जाड थर टाकते. कागद २५० ते ३०० जीएसएम वजनाचा, आम्लरहित आणि शक्यतो कापसाच्या लगद्याचा असावा. पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालापासून चालत आलेल्या हातकागद संस्थेचा कागद वापरता येतो, मात्र त्यातील दाबून गुळगुळीत केलेला निवडावा; खरखरीत कागदावर बारीक रेषा तुटतात. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या दिवसांत करून घ्यावे. पावसाळ्यात दोन रंगांच्या मधल्या काळात कागद दमट हवा शोषून किंचित फुगतो, मग पुढचा रंग ठरल्या जागी बसत नाही आणि चेहऱ्याशेजारी पांढरी किनार उघडी पडते. अशी किंचित सरक हाताच्या छपाईची खूण म्हणून खपते हे खरे, पण अर्धा ताव सरकलेला असेल तर तो निष्काळजीपणा आहे आणि त्याला कला म्हणू नये.

प्रतींची संख्या छपाईपूर्वी ठरवावी. समासात पेन्सिलीने ‘१२/५०’ असे लिहिलेले असेल तर पन्नासांच्या आवृत्तीतील ती बारावी प्रत, आणि शेजारी चित्रकाराची सही असते. चित्रकाराने स्वतःसाठी राखलेल्या चाचणीच्या प्रती वेगळ्या नोंदवतात. आवृत्ती संपल्यावर जाळ्या धुऊन टाकल्या असे लेखी घ्यावे, नाही तर संख्येला अर्थ उरत नाही.

येथेच स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. १९५७ च्या कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, परंतु पोस्टराचे चित्र ही स्वतंत्र कलाकृती असल्याने तिच्यावरील हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. बाबूराव पेंटर १९५४ साली वारले, त्यामुळे त्यांची चित्रे २०१५ पासून मुक्त आहेत, एस. एम. पंडित १९९३ साली वारले, तेव्हा त्यांची चित्रे २०५३ अखेरपर्यंत मुक्त होत नाहीत, मग तो चित्रपट कितीही जुना असो. हा हक्क चित्रकाराच्या वारसांकडे असतो की काम करवून घेणाऱ्या निर्मात्याकडे, हे मूळ करारावर अवलंबून असते. या गुंत्यात शिरण्यापेक्षा ‘संत तुकाराम’सारखा हक्कमुक्त झालेला १९३६ चा चित्रपट घेऊन त्याचे संपूर्ण नवे चित्र काढवून घेणे कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित, आणि कलेच्या दृष्टीनेही अधिक मोलाचे.

जपणुकीचा विचार रोडपालीसारख्या ठिकाणी वेगळा करावा लागतो. जवळची खाडी, जून ते सप्टेंबर सततची दमट हवा, एका बाजूला तळोजा औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या बाजूला कळंबोलीचा पोलाद बाजार व त्याची अवजड वाहतूक, असा हा परिसर आहे. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सतत राहिली की कागदावर बुरशी धरते. गंधकयुक्त वायू दमट कागदात आम्ल तयार करतात. आणि लोखंडाचे सूक्ष्म कण कागदावर बसून ओल लागली तर तपकिरी डाग पाडतात व कागदाचा ठिसूळपणा वाढवतात. जुन्या पोस्टरांचा स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा कागद मुळातच आम्लधर्मी असल्याने त्याला हे सारे दुप्पट बाधते. त्यामुळे पोस्टर कधीही इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर किंवा न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर टांगू नये; दोन खोल्यांमधली कोरडी भिंत निवडावी, चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी, आणि चौकटीवरील धूळ ओल्या फडक्याऐवजी कोरड्या मऊ कापडाने पुसावी.

चौकट करणाऱ्याला तीन गोष्टी निक्षून सांगाव्या लागतात : पोस्टर काचेला टेकता कामा नये, म्हणून मध्ये आम्लरहित माउंट हवा, मागे साधा पुठ्ठा किंवा एमडीएफ थेट लावू नये, आणि लॅमिनेशन कोणत्याही परिस्थितीत करू नये. ‘टिकेल’ म्हणून प्लॅस्टिकचा थर उष्णतेने चिकटवण्याची आपल्याकडील सवय इतकी पक्की आहे, की न सांगता पोस्टर दुकानात ठेवून आल्यास ते लॅमिनेट होऊनच परत येण्याचा धोका असतो, आणि तो थर पुढे कागद न फाडता निघत नाही.

जे टांगायचे नाही ते सपाट ठेवावे. घरात नकाशाचे खण नसतात, पण ३० बाय ४० इंचांचा कागद दिवाणाच्या पेटीत सहज मावतो. मात्र प्लायवूडमधून निघणारी वाफ कागदाला अपायकारक असल्याने आत पॉलिएस्टरची फिल्म अंथरावी, दोन पोस्टरांमध्ये आम्लरहित कागद घालावा आणि तळमजल्यावरच्या घरात ही जागा टाळावी. पीव्हीसीच्या नळीत गुंडाळून ठेवणे वाईट, कारण त्या प्लॅस्टिकमधूनही आम्ल सुटते. ओल शोषण्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात. कसर आणि झुरळे यांच्यासाठी पोथ्यांच्या दप्तरात वेखंड ठेवण्याची जुनी रीत येथेही चालते, फक्त ते कापडी पुरचुंडीत बांधून कागदापासून दूर ठेवावे. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी किंवा फेव्हिकॉल लावू नये. गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ आणि पातळ जपानी कागद यांनी केलेली दुरुस्ती पाण्याने सोडवता येते, आणि ती कागद-संवर्धकाकडूनच करून घ्यावी. चित्रपटगृहाच्या दर्शनी भागात लागणाऱ्या शोकार्डांवर, म्हणजे पुठ्ठ्यावर छायाचित्रे चिकटवून भोवती हाताने रंगकाम केलेल्या फलकांवर, पाण्यात विरघळणारा पोस्टर कलर असण्याची शक्यता असल्याने त्यांना ओला बोळाही लावू नये.

प्रत्येक वस्तूची नोंद ठेवावी : चित्रपट, वर्ष, चित्रकार, छपाईची पद्धत, छापखाना, माप, दोष, कोठून व केव्हा घेतले, आणि पुढची-मागची छायाचित्रे. ही नोंद विम्याच्या किंवा विक्रीच्या वेळी लागतेच, शिवाय एखादे पोस्टर परदेशातील नातलगाला पाठवायचे झाल्यास ती अत्यावश्यक ठरते, कारण १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेले ऐतिहासिक वा कलात्मक मोलाचे दस्तऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. १९२४ चे पोस्टर आता पहिल्या मर्यादेच्या पलीकडे गेले आहे, आणि चाळीसच्या दशकातील छापील कागद दस्तऐवजात मोडतो असे मानले गेले तर त्यालाही दुसरी मर्यादा लागू शकते. अशा वेळी कागद टपालात टाकण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरातन वस्तू नसल्याचे प्रमाणपत्र मागावे, आणि ते मिळाले नाही तर पोस्टर येथेच ठेवून नातलगाला त्याचे छायाचित्र पाठवावे.